वर्गातला आठवडा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्राथमिक शाळेच्या वर्गात दर आठवड्याला घेतल्या जाणाऱ्या उपक्रमांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. चारही पत्रे सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आली आहेत.

प्रश्न : आदरणीय बाई, मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. वर्गात 34 मुले आहेत. निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी उर्दू. मी आठवड्यात रोज एक नवा उपक्रम घेते : गोष्ट, कागदकाम, गाणे, गणिताचा खेळ, चित्र, नाट्यीकरण. साहित्य जमवता जमवता शनिवारपर्यंत मी दमून जाते आणि पुढच्या सोमवारी विचारले तर मुलांना फारसे काही आठवत नाही. माझे कुठे चुकते आहे? शिवाय ‘सत्तावीस’ म्हटले की काही मुले 72 लिहितात; त्यांना दुर्लक्ष करण्याची सवयच लागली आहे असे वाटते.
– एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलेले सहाही उपक्रम एकेकटे पाहिले तर चांगले आहेत. मात्र आठवड्याला सहा नवे म्हणजे महिन्याला चोवीस नवे झाले, आणि सात वर्षांच्या मुलाचा कोणत्याही उपक्रमाच्या पहिल्या खेपेचा वेळ तो समजून घेण्यातच जातो : कुठे बसायचे, काय हातात घ्यायचे, आपली पाळी कधी येणार. खरे शिकणे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सुरू होते आणि तोवर तुमचा उपक्रम बदललेला असतो. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत मीही हेच करत होते. पाठांच्या तयारीची टाचणवही भरगच्च दिसायची, ती पाहणाऱ्यांना समाधान वाटायचे, आणि मुले मात्र दर वेळी ‘बाई, आता काय करायचं?’ असे विचारत माझ्याभोवती उभी राहायची.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन ठरवून दिले आहे, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. त्यातून पाठ्यपुस्तकाचे काम वजा केले तर आठवड्यातून तीन वेळा अर्धा-पाऊण तास एवढेच हाती उरते, असा माझा अनुभव आहे. तेव्हा तीनच उपक्रम निवडावेत, त्यांचा वार आणि वेळ वर्षभर बदलू नये, आणि नवेपणा आणायचा तो त्यांच्या आतल्या मजकुरात आणावा. वार ठरलेला असला की मुले स्वतःच तयार होऊन बसतात. आपल्या शहरात मंगळवार पेठ, बुधवार पेठ, शुक्रवार पेठ, शनिवार पेठ अशी वारांची नावे मुलांच्या पत्त्यातच असतात, त्यामुळे वारांची ओळख त्यांना फार लवकर होते; तिचा उपयोग करून घ्यावा.

सोमवारी ‘घरची बातमी’ घ्यावी. तीन मुलांनी आपापल्या घरची एकेक बातमी सांगायची आणि ती तुम्ही त्या मुलाच्या नावासह फळ्यावर लिहायची, एवढेच तिचे स्वरूप आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाने एकदा सांगितले, ‘काल आमच्या मागाचा पट्टा तुटला.’ मी ते वाक्य जसेच्या तसे लिहिले. तोवर पुस्तकातल्या ओळीवर बोट फिरवत अंदाजाने काहीतरी बोलणाऱ्या त्या मुलाने हे वाक्य शब्दावर शब्द ठेवून बरोबर वाचले, कारण ते त्याच्याच तोंडचे होते. मग वर्गाने ‘माग’ हा शब्द धरून मागे, मागणे, मागील, माघ असे शब्द काढले, आणि महिनाभर गिरवूनही न बसलेला ‘ग’ आणि ‘घ’ यांतला फरक त्या अर्ध्या तासात पुष्कळ मुलांच्या लक्षात आला. बातमी तेलुगूत किंवा कन्नडमध्ये सांगितली तरी चालेल. दोन्ही भाषा येणारे एखादे मूल वर्गात असतेच, त्याने ती मराठीत सांगावी आणि तुम्ही लिहावी. स्वतःच्या भाषेत बोलू दिलेले मूल आठ-दहा आठवड्यांत स्वतःहून मराठी शब्द मिसळू लागते, आणि गप्प बसवलेले मूल बहुधा गप्पच राहते, हे मी अनेक वर्षे पाहिले आहे.

तीन बातम्या जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर मोठ्या अक्षरात उतरवून भिंतीवर लावाव्यात आणि आठवडाभर रोज दोन मिनिटे त्यांचे वाचन घ्यावे. 34 मुलांची पाळी बारा आठवड्यांत पूर्ण होते आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वर्गाने स्वतः सांगितलेले, स्वतःच्या नावांचे एक वाचनपुस्तक तयार झालेले असते. 5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे आणि अंकगणिताची पायाभूत कौशल्ये यावीत, यासाठी 2026-27 हे वर्ष ठरवले आहे. त्यातल्या ‘अर्थ समजून’ या शब्दांसाठी घरच्या बातमीइतके सोपे आणि बिनखर्चाचे साधन मला दुसरे सापडलेले नाही.

बुधवार संख्यांना द्यावा, आणि तुमच्या वर्गात तर फार विचारपूर्वक द्यावा. मूल ‘सत्तावीस’ ऐकून 72 लिहिते, ही तक्रार तुम्ही पत्राच्या शेवटी केली आहे आणि त्याला दुर्लक्ष करण्याची सवय असे कारण दिले आहे. मला ते कारण पटत नाही. मराठीत ‘सत्तावीस’ म्हणताना आधी सात ऐकू येतात आणि मग वीस; लिहिताना मात्र आधी 2 लिहायचे असतात आणि मग 7. तेलुगूत हीच संख्या ‘इरवै एडु’, म्हणजे वीस आणि सात. कन्नडमध्ये ‘इप्पत्तेळु’, म्हणजे तेही आधी वीस आणि मग सात. घरी ज्या क्रमाने संख्या ऐकली त्याच क्रमाने मूल अंक लिहीत असते. म्हणजे ते मन लावून ऐकत आहे आणि एक नियम पाळत आहे. मराठीचा नियम निराळा आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मराठीभाषक घरातल्या मुलांचाही येथे गोंधळ होतो. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशा वाचनाची जोड दिली गेली तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या वादाच्या कोणत्याही बाजूला आपण असलो, तरी अडचण खरी आहे हे वर्गात शिकवणाऱ्याला नाकारता येत नाही.

यासाठी साहित्य म्हणून चिंचोके, झाडूच्या काड्या आणि रबर पुरेत. चार-चार मुलांचे गट करावेत, प्रत्येकाने फासा टाकून तितक्या काड्या घ्याव्यात आणि दहा झाल्या की रबर लावून जुडी बांधावी. थांबा म्हटल्यावर प्रत्येकाने आपल्यापुढे काय आहे ते तीन प्रकारे सांगावे : ‘दोन जुड्या सात सुट्या’, ‘वीस आणि सात’, ‘सत्तावीस’. ज्याला घरच्या भाषेत सांगायचे असेल त्याने चौथ्यांदा तसेही सांगावे. लिहिताना आधी जुड्या, मग सुट्या, हे हातानेच कळते. ‘एकोणतीस’ला थोडे थांबावे; तिथे तीस व्हायला एक काडी कमी आहे हे मुलांना दिसू द्यावे, मग एकोणचाळीस, एकोणपन्नास हे शब्द ती स्वतः उलगडतात. एकोणनव्वदपर्यंत हे चालते आणि नव्व्याण्णवला मोडते, हा शोध माझ्या वर्गातल्या एका मुलीने लावला होता आणि तो तिने आठवडाभर दिसेल त्याला सांगितला. आणखी एक गोष्ट. तुमच्या वर्गातल्या पुष्कळ मुलांच्या आया विड्या वळत असतील. मजुरी हजार विड्यांवर ठरते, त्यामुळे ‘हजार’ हा शब्द त्या मुलांच्या कानावर रोज पडतो, शाळेत शंभर शिकण्याच्या आधीपासून. विडी-तंबाखू वर्गात आणू देऊ नये, हे सांगायला नकोच. पण ‘शंभराच्या किती गड्ड्या झाल्या की हजार?’ असे विचारायला हरकत नाही. दुसरीच्या मुलाला हे कसे येईल असे वाटले, तरी विचारून पाहावे.

शुक्रवारी हातकाम ठेवावे आणि ते विणकामच असावे, असा माझा आग्रह आहे. रंगीत कागदाच्या किंवा जुन्या कापडाच्या पट्ट्या घेऊन उभ्या-आडव्या विणायच्या : पहिल्या महिन्यात एक वर एक खाली, पुढच्या महिन्यात दोन वर एक खाली. ज्या शहराच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तिथल्या मुलाला कापड कसे होते ते बोटांनी कळलेच पाहिजे. शिवाय ‘पुढची पट्टी वरून जाईल की खालून?’ हा प्रश्न गणिताचाच आहे.

मुलांच्या प्रगतीच्या नोंदींविषयी थोडक्यात सांगते. 34 मुलांच्या नोंदी एकाच आठवड्यात करायला बसलात तर त्या सगळ्या सारख्याच होतील. दर आठवड्याला सहा मुले निवडावीत आणि त्यांच्याविषयी प्रत्येकी एक घडलेली गोष्ट लिहावी. ‘प्रगती समाधानकारक’ यातून तुम्हालाही पुढे काही कळणार नाही. ‘आज जुडी सोडून दहा सुट्या केल्या आणि त्यातून चार काढल्या’ यावरून वजाबाकी कुठवर आली ते कळते.

प्रश्न : बाई, माझा मुलगा तिसरीत आहे. त्याच्या शाळेत दर शुक्रवारी ‘प्रकल्प’ सांगतात आणि तो सोमवारी न्यायचा असतो. कधी थर्माकोलचा किल्ला, कधी चमकी लावलेला तक्ता, कधी वाहतुकीच्या साधनांच्या चित्रांचा संग्रह. मी दिवसभर शिलाईकाम करते, माझे यजमान यंत्रमागावर पाळीने जातात. रविवारी रात्री आम्ही दोघे ते करत बसतो आणि मुलगा झोपलेला असतो. खर्चही दर वेळी होतो. हे न करावे तर मुलगा मागे पडेल का?
– एक पालक, सोलापूर

उत्तर : ताई, जो किल्ला आईवडिलांनी रात्री अकराला पूर्ण केला, त्यातून तिसरीतल्या मुलाला शिकायला मिळते ते एवढेच की आपले काम कोणीतरी दुसरे करून देते. तो मागे पडण्याची भीती मनातून काढून टाका. थर्माकोलच्या सजावटीवर तर राज्यात 2018 पासून बंदी आहे, त्यामुळे ते शाळेने मागूच नये.

वर्गशिक्षकांना शांतपणे भेटावे आणि विनंती करावी की, मुलगा जे स्वतःच्या हाताने करेल तेवढेच सोमवारी पाठवू, ते ओबडधोबड असले तरी स्वीकारावे. बहुतेक शिक्षकांना हे मनातून मान्य असते. चकचकीत तक्त्यांची स्पर्धा त्यांनी सुरू केलेली नसते, ती आपोआप वाढत गेलेली असते. तुमच्यासारखे तीन-चार पालक एकत्र गेलात तर आणखी बरे, आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालक सदस्यांनाही हे सांगता येईल.

तुमच्या घरात शिकण्यासारखे जे आहे ते विकत मिळत नाही. तुमच्या शिलाईच्या फितीवर सेंटीमीटर आणि इंच दोन्ही असतात. त्याने घरातल्या प्रत्येकाच्या हाताची लांबी मोजून वहीत लिहावी. शेंगा चटणी कुटताना किती वाट्या शेंगदाणे घेतले, किती लसूण पाकळ्या, किती चमचे तिखट, हे त्याच्याकडून मोजून घ्यावे, आणि पुढच्या वेळी निम्मीच चटणी करायची तर प्रत्येक गोष्ट किती घ्यायची हे त्याला ठरवू द्यावे. वडिलांना त्याने त्यांच्या मागाविषयी पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे स्वतःच्या अक्षरात लिहावीत : धागा कुठून येतो, तुटला तर कसे कळते, एका पाळीत किती कापड निघते. अशी एका पानाची मुलाखत त्याने सोमवारी वर्गात वाचून दाखवली, तर मला खात्री आहे की बाकीची मुले तक्ते बाजूला ठेवून ऐकतील.

प्रश्न : आदरणीय बाई, आमची मंगळवेढा तालुक्यातील द्विशिक्षकी शाळा आहे. पहिली ते चौथीची मिळून 23 मुले. 2024 पासून ‘आनंददायी शनिवार’, म्हणजे उपक्रमांचा शनिवार, सुरू झाला आहे आणि आम्ही तो मनापासून घेतो. परंतु चार इयत्तांना एकत्र घेऊन करण्यासारखा आणि नंतर आठवडाभर अभ्यासाला उपयोगी पडणारा उपक्रम सापडत नाही. लहानांना जमेल ते मोठ्यांना पोरकट वाटते. काही सुचवाल का?
– एक शिक्षक, मंगळवेढा तालुका

उत्तर : सर, एक सरळ काठी घ्या, ती जमिनीच्या वर बरोबर 1 मीटर राहील अशी शाळेच्या पटांगणात उन्हाच्या जागी पुरा, आणि दोऱ्याला दगड बांधून ती ओळंब्यात आहे ना ते पाहा. दर आठवड्याला एकाच वारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, तिची सावली मोजायची. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून मोजणी शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीआधी करावी आणि तिच्यावरचे बोलणे, चित्र, लेखन शनिवारी घ्यावे. साडेबाराच का, तर आपल्या भागात सूर्य माथ्याच्या रेषेवर साधारण त्या वेळी येतो. घड्याळात बारा वाजलेले असताना तो यायचा असतो, कारण भारतीय प्रमाणवेळ आपल्यापेक्षा पूर्वेकडच्या रेखावृत्तावरून ठरलेली आहे.

चार इयत्तांना यात चार कामे आहेत आणि कोणालाही दुसऱ्याचे काम पोरकट वाटत नाही. पहिलीची मुले सावलीच्या टोकाशी खडा ठेवतात आणि मागच्या आठवड्याचा खडा जवळ आहे की लांब ते सांगतात. दुसरीची मुले विती आणि बोटांनी मोजतात, आणि प्रत्येकाची मोजणी वेगळी का आली यावर भांडतात. ते भांडण मिटवण्याची घाई करू नये, प्रमाणित मापाची गरज त्यातूनच कळते. तिसरीची मुले फितीने सेंटीमीटरमध्ये मोजतात. चौथीची मुले सावलीइतक्याच लांबीची वर्तमानपत्राची पट्टी कापतात, तिच्यावर तारीख लिहितात आणि ती वर्गाच्या भिंतीवर आधीच्या पट्टीशेजारी चिकटवतात. महिना-दोन महिन्यांत भिंतीवर कमी-जास्त लांबीच्या पट्ट्यांची रांग उभी राहते आणि आलेख हा शब्द न उच्चारता मुले आलेख वाचू लागतात.

आता मुलांना काय दिसेल ते आधी तुम्हाला सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही गोंधळणार नाही. जूनच्या अखेरीस सावली जेमतेम 10 सेंटीमीटर असेल आणि ती दक्षिणेकडे पडेल, कारण त्या दिवसांत सूर्य आपल्या माथ्याच्या थोडा उत्तरेला असतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी ती जवळजवळ नाहीशी होईल. शून्य सावलीचा असाच दिवस मे महिन्यातही येतो, पण तेव्हा शाळेला सुट्टी असते. ऑगस्टमध्ये आभाळ असेल तर तो आठवडा पट्टीविना जाईल. जाऊ द्यावा, तिथे रिकामी जागा ठेवून ‘ढग होते’ असे लिहावे. न मोजता आकडा भरायचा नाही, हे मुलांनी तिसरी-चौथीतच शिकावे असे मला फार वाटते. त्यानंतर सावली उत्तरेकडे वळून वाढू लागेल : सप्टेंबरच्या 22-23 तारखेला सुमारे 32 सेंटीमीटर, ऑक्टोबरअखेर 60च्या आसपास, आणि 22 डिसेंबरच्या सुमारास सर्वांत लांब, 87 सेंटीमीटरच्या जवळपास. मग ती परत आखडू लागते. जानेवारीच्या मध्याला, सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा भरते त्या आठवड्यात, ती 80 सेंटीमीटरवर आलेली असते. ‘संक्रांतीपासून दिवस मोठा होतो’ असे घरी ऐकलेले एखादे मूल भिंतीकडे पाहून म्हणेल की सावली तर आधीच कमी व्हायला लागली आहे. तेव्हा लगेच उत्तर सांगू नका. रोजच्या वर्तमानपत्रातल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा आठवडाभर उतरवून आणायला सांगा.

दोन सूचना. काठी कोणी हलवू नये म्हणून भोवती दगडांचे कडे करावे आणि तिची राखण आठवड्याला एका जोडीकडे द्यावी, त्यातला एक मोठा आणि एक लहान. आणि सूर्याकडे थेट पाहायचे नाही, हे दर शुक्रवारी बजावावे.

प्रश्न : आम्ही लहानपणी रोज दिवेलागणीला पाढे म्हणत असू. माझ्या नातवाच्या शाळेत आठवड्यातून एकदाच पाढे घेतात. तेवढे पुरते काय?
– एक आजोबा, सोलापूर

उत्तर : आठवड्यातून एकदा पुरत नाही. पाठांतराला रोजची दोन-तीन मिनिटे लागतात आणि ती आपल्यासारखे घरचे वडीलधारे माणूसच प्रेमाने देऊ शकते, तेव्हा दिवेलागणीचा परिपाठ पुन्हा सुरू करावा. जोडीला एक करावे. घरात सोलापुरी चादर असेल तर ती अंथरून तिच्यावरच्या चौकटी किंवा फुले नातवाला मोजायला सांगावीत : एका ओळीत किती, ओळी किती, सगळी मिळून किती. पुढे कधी तो सात साते विसरला, तर त्याला ‘सात सक बेचाळीस’पासून उचलावे, सातांच्या सहा ओळींवर त्याचे बोट फिरवावे आणि सातवी ओळ त्याला स्वतः मोजू द्यावी.